बदामांची चकाकी

“मेण आलं नाही म्हणजे?” एमिलियाने फिरत्या तांब्याच्या भांड्यातून हात बाहेर काढला. आत साखर चढवलेले बदाम गडगडत होते. गुळगुळीत, पण खडूसारखे निस्तेज.

“सोमवारी येतंय,” फोरमन मधुकर म्हणाला. “तसेच जाऊ देत ना, एमिलियाबाई. चव तर तीच.”

“आणि रविवारी माझ्या भाच्याचा बाप्तिस्मा! पाहुण्यांना हे खडू वाटू?”

अंधेरीच्या त्या गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात चकाकीचं काम एमिलियाचं. भांड्याला आतून मधमाशीचं मेण फासायचं आणि माल त्यात फिरवत ठेवायचा. घासून घासून तो लखलखायला लागे. तिच्या हातच्या मालाला कुणी नावं ठेवली, तर त्याची धडगत नव्हती. आणि हा तर भावाच्या पहिल्या मुलाचा माल!

मधुकरने वाण्याकडच्या दोन मेणबत्त्या पुढे केल्या. “या वितळवू?”

“हे दुकानी मेण म्हणजे रॉकेलची बहीण. देवापुढे जाळायला ठीक आहे, पोरांच्या पोटात नको.”

चोख मेण तिच्या घरी होतं, नव्हतं असं नाही. तिचे वडील वांद्र्याला मेणबत्त्या ओतायचे. लेकीला मूल व्हावं म्हणून ते दरवर्षी मधमाशीच्या मेणाचं बाळ ओतून देत आणि एमिलिया ते सप्टेंबरच्या जत्रेत टेकडीवरच्या मोत माऊलीला, मेरीमातेला, वाहून येई. नाताळात वडील वारले. पुढच्या जत्रेसाठी त्यांनी ओतलेलं शेवटचं बाळ कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

संध्याकाळी तिने ते बाहेर काढलं, तेव्हा नवरा ग्रेगरी दचकला.

“अगं, नवसाचं आहे ते!”

“माहीत आहे. इतकी वर्षं वाहतेय, माऊलीला माझं रडगाणं तोंडपाठ झालं असेल.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “मला आता होणार नाही. तुम्हालाही ठाऊक आहे. जे झालंय त्याचं तरी थाटात करू.”

ग्रेगरी उठला. त्यानेच पिशवी आणून दिली.

शनिवारी कारखान्यात तिने ते बाळ पातेलीत ठेवून स्टोव्हवर चढवलं. मधुकर वाकून बघतो तो काय!

“बाई, हे तर बाळ आहे!”

“मेण आहे. भांडं धर नीट.”

नाक-डोळे आधी गेले. तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण मेण जास्त तापलं की करपतं, म्हणून तिने पातेली वेळेवर उतरवली.

रविवारी बदाम असे चमकले की पाहुणे तोंडात टाकायच्या आधी उजेडात धरून बघत होते. भावजय आयडाने बाळ तिच्या मांडीवर दिलं. आजोबांचंच नाव ठेवलं होतं, इसिडोर. एमिलियाने पाहुणे उठेपर्यंत त्याला कुणाच्या हाती दिलं नाही.

सप्टेंबरात ती जत्रेला गेलीच. मेणाचे नवस विकणारे दुकानदार ओरडत होते, “बाळ घ्या, हात घ्या, घर घ्या!” त्यांच्यामधून ती रिकाम्या हातांनी चढून गेली आणि लगेच परत आली.

“काय मागितलंस?” ग्रेगरीने विचारलं.

“माझ्यासाठी काही नाही,” लुगड्याचा पदर सारखा करत ती म्हणाली. “आमच्या इसिडोरला दात येतायत, जरा लक्ष असू दे म्हटलं.”