छातीवर सत्तर किलो

मित्रांनो, तुमच्या घरी बाहुल्या असतील. मीही एक बाहुलाच आहे, पण मला कुशीत घेऊन कुणी झोपत नाही. मी एक जुना डमी आहे. कारखान्यात कुणी टाकीत पडलं, धुरात कोंडलं, तर त्याला बाहेर कसं काढायचं हे कामगारांना शिकवतात, तेव्हा पडलेल्या माणसाच्या जागी मला टाकतात. गेली आठ वर्षं मी पडतो आहे आणि लोक मला वाचवताहेत. माझ्याइतक्या वेळा या जिल्ह्यात कुणीच वाचलेलं नसेल, आणि मला तर जीवच नाही.

हैदराबादच्या एका वर्कशॉपमध्ये मला शिवलं. अंग जाड ताडपत्रीचं, आत रेती आणि चिंध्या, सांध्यांना दुहेरी टाके. मान, हात, पाय मुद्दाम लोंबते ठेवले, कारण बेशुद्ध माणूस तसाच असतो. शिवून झाल्यावर मला काट्यावर निजवलं. थोडी रेती घातली, थोडी काढली आणि काटा बरोबर सत्तरवर आला तेव्हा छातीवर काळा शिक्का मारला, ७० किलो. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. बाकी बाहुल्यांना नाक-डोळे असतात, मला वजन होतं.

तिथून मी बिदर आणि कलबुर्गीच्या मधल्या पट्ट्यात, औषधांची रसायनं करणाऱ्या एका कारखान्यात आलो. जाळीच्या एका शेडमध्ये खुंटीला टांगून राहू लागलो. शेजारी होज, लाल बादल्या, दोर, हवेचे दोन सिलिंडर आणि मास्क. समोर सांडपाण्याची टाकी, जमिनीत खोल, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड. खंडेनवमीला पंपाला हळदकुंकू लागायचं तेव्हा माझ्याही कपाळाला बोट लागायचं. कामगारांनी माझं नाव ठेवलं गुंडप्पा.

शिकवायला सोमशेखर मास्तर यायचे. कलबुर्गीचे, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, आवाज खरखरीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला टाकीत टाकलं आणि पाच जणांच्या पथकाला म्हणाले, “काढा बाहेर.” टाकीच्या तोंडावर तिपाई उभी केली, कप्पीतून दोर सोडला, एक जण मास्क लावून आत उतरला, त्याने मला पट्टा बांधला आणि वरचे ओढू लागले. मी काही येईना. आलो तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि पथकातले दोघे जमिनीवर बसून धापा टाकत होते.

“मेला की तुमचा माणूस,” मास्तर म्हणाले. “अप्पा, वास नाकात गेल्यावर माणसाला चार मिनिटं मिळतात. पाचवं मिनिट डॉक्टरचं न्हाई, घरच्यांचं. पुन्हा टाका ह्येला.”

त्या वर्षी मला किती वेळा टाकलं याची मोजदाद नाही. माझी एक शिवण उसवली, टाकीच्या काठावर घासून एक कान गेला. पण पथक पावणेचार मिनिटांवर आलं. शरणबसव नावाचा एक उंच गडी मास्क लावून आत उतरायचा, त्याचा हात बसला होता. आणखी एक माणूस होता, भीमराज. तो पथकात नव्हता. ठेक्यावरचा कामगार, निर्ण्याहून रोज मोटारसायकलने यायचा. टाक्या साफ करायच्या आणि ड्रिलच्या आधी मला आत नेऊन नीट पाडून ठेवायचं, हे त्याचं काम. सत्तर किलोचा मी, पण शिडीवरून उतरताना त्याने मला एकदाही आपटलं नाही. खाली ठेवल्यावर माझी मान सरळ करायचा. मानेचं कुणाला पडलं होतं? त्याला पडलं होतं. मला जीव नाही, पण या माणसावर मात्र माझा जीव जडला.

दोन वर्षांनी मास्तरांचा करार संपला आणि शिवशंकर साहेब सेफ्टी ऑफिसर म्हणून आले. नौबादचे, तरुण, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांना कळलं की चार मार्चला, सुरक्षा दिनी, आसपासच्या कारखान्यांची बचावाची स्पर्धा असते. पाहुणे येतात, घड्याळ लावतात, ढाल देतात. पावणेचार मिनिटांत ढाल मिळत नाही.

एका दुपारी साहेबांनी मला खाली घ्यायला लावलं आणि पाठीची शिवण उसवून घेतली. माझी रेती घमेल्यांनी बाहेर आली. तिने शेडमधल्या लाल बादल्या भरल्या, त्या रिकाम्याच होत्या आणि लोक त्यात गुटखा थुंकत असत. माझ्या पोटात थर्माकोल भरला, मशिनरीच्या खोक्यांतून आलेला.

भीमराज दारात उभा होता. त्याने विचारलं, “साहेब, ह्येला हलकं कामून करायलाव?”

“स्पर्धा आहे. वेळ कमी यायला पाहिजे.”

“व्हय, पण खराखुरा गडी पडला तर तो हलका होऊन पडणार हाय का?”

“तू पथकात आहेस का, भीमराज?”

“न्हाई साहेब.”

“मग तुझं काम तू कर. आता तर तुलाच उचलायला सोपं जाईल.”

खरं सांगतो मित्रांनो, मला बरं वाटलं. टाके ताणणं थांबलं होतं. छातीवरचा शिक्का तसाच होता, आत जेमतेम पंधरा किलो होते आणि हे बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं. त्या चार मार्चला मी दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बाहेर आलो. टाळ्या पडल्या, ढाल मिळाली, फोटोत मला मधोमध बसवलं. पुढच्या वर्षीही तेच. ओढायला दोनच माणसं पुरतात असं ठरलं, म्हणून बाकीचे दोघे पाहुण्यांना पाणी द्यायला उभे राहू लागले. तिपाईचे पाय खुंट्या ठोकून पक्के करायचं मास्तरांनी शिकवलं होतं, तेही गळालं. माझ्यासाठी खुंट्या कशाला हव्यात? मी फुगलो होतो, थर्माकोलने आणि कौतुकाने.

साहेबांचा आणखी एक नियम होता. सिलिंडर भरून आणायला गाडी लांब पाठवावी लागे. म्हणून ड्रिलच्या आधी आठ दिवस भरलेल्या सिलिंडरला कुणी हात लावायचा नाही. कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. ऐन ड्रिलमध्ये हवा संपली तर काय इज्जत राहील, असं ते म्हणत.

गेल्या वर्षीच्या तीन मार्चची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि टाकीला वास मारत होता. पाहुण्यांच्या नाकाला तो जाऊ नये म्हणून सकाळी साडेदहाला साहेबांनी भीमराजला गाळ काढायला सांगितलं. भीमराजने मास्क मागितला.

“सिलिंडर उद्यासाठी आहेत,” साहेब म्हणाले. “तोंडाला फडकं बांध. पाच मिनिटांचं काम आहे.”

भीमराजने फडकं बांधलं. उतरण्याआधी त्याने शेडकडे पाहिलं, शिडी नीट टेकली आहे का ते बघितलं आणि खाली गेला. मी खुंटीवरून सगळं बघत होतो. खाली फावडं गाळात दोन-तीनदा खसखसलं. मग फावड्याचा आवाज बंद झाला.

शिडी धरून उभा असलेला सोबती ओरडला, “भीमराज पडलाय टाकीत.” भोंगा वाजला. लोक आले, पण चालत आले, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगायला मला लाज वाटते. दर वर्षी तीन मार्चला ड्रिलची रंगीत तालीम व्हायची, भोंगा असाच वाजायचा आणि त्याआधी भीमराज मला ठेवायला टाकीत उतरायचाच. सगळ्यांना वाटलं, यंदा तालीम सकाळीच घेतलेली दिसते. पथकातले लोक आधी लॉकरकडे गेले. ड्रिलला धुतलेला गणवेश आणि पॉलिश केलेले बूट लागतात, तसा हुकूमच होता. बायका आणि हेल्पर नेहमीप्रमाणे दोरीच्या मागे रांगेत उभे राहिले. कुणीतरी हसून विचारलं, “गुंडप्पाला आज लवकर पाडलं का?”

गुंडप्पा तर खुंटीला टांगलेला होता. कुणीही मान जरा वर केली असती तर मी त्याला दिसलो असतो.

मी दिसलो तो शरणबसवला. गणवेशाची बटणं लावत तो शेडमध्ये दोर घ्यायला आला, मला पाहिलं आणि त्याचे हात थांबले. मग तो धावला. कपाटाला कुलूप. साहेब गेटवर बॅनर बांधून घेत होते. किल्ली आली तोवर नऊ मिनिटं झाली होती. मास्तरांची चार केव्हाच गेली होती.

शरणबसव आत उतरला, त्याने भीमराजला पट्टा बांधला आणि दोर हलवला. वरचे दोघे ओढू लागले, जसे मला ओढत तसे, एका दमात. दोर जागचा हलला नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भीमराज सडपातळ होता, तरी भिजलेल्या कपड्यांसकट तो माझ्या शिक्क्याएवढा नक्की भरला असता. दोघांनी पाय रोवले, दात आवळले आणि तो इंच इंच वर आला. टाकीच्या तोंडातून त्याचं डोकं दिसलं. रांगेत मागे उभ्या असलेल्यांपैकी ज्यांना अजून काही कळलं नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच क्षणी तिपाईचा एक पाय घसरला. दोर दोघांच्या तळहातांची साल काढत सुटला आणि भीमराज परत खाली गेला, शरणबसवच्या अंगावर. मग सगळेच धावले. आठ जणांनी दोर धरला. भीमराज बाहेर आला तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. त्याची मान लोंबत होती. ती सरळ करायचं कुणाला सुचलं नाही.

चौकशीला सरकारी साहेब लोक आले. पथकाचा सराव कशावर होतो, असं त्यांनी विचारलं. शिवशंकर साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चौकशीवाल्याने माझ्या छातीवरचं वाचलं आणि लिहून घेतलं, सराव योग्य वजनाच्या डमीवर झाला आहे. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंबललो असतो. त्या माणसाने नुसता माझा हात जरी उचलून पाहिला असता, तरी त्याला सगळं कळलं असतं. शेवटी कागदावर चूक भीमराजची निघाली, त्याने मास्क लावला नव्हता म्हणून.

भीमराजची बायको राजूबाई. दोन पोरं शाळेत. तिला दयेखातर ठेक्यावरच नवऱ्याच्या जागी घेतलं. झाडलोट, बागेला पाणी, आणि वर्षातून एकदा मला टाकीत नेऊन ठेवणं. हे तिला सांगताना साहेबांच्या जिभेला काही झालं नाही. भीमराजचं काम होतं, आता तिचं आहे, एवढंच.

यंदाचा चार मार्च आला. टाकी आदल्या दिवशी पंपाने उपसून, धुऊन, आत पंखा लावून वारा खेळवला होता, कारण पाहुणे यायचे होते. सकाळी राजूबाईने मला खुंटीवरून काढलं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला होता, म्हणून मी एकदम तिच्या खांद्यावर आदळलो. ती थबकली. मला एका हाताने उचलून पाहिलं, छातीवरचा शिक्का वाचला. ती सातवी शिकलेली आहे. शरणबसव कोपऱ्यात दोर तपासत होता.

“अण्णा,” ती म्हणाली, “ह्यो यवढा हलका कसा?”

शरणबसवने खाली पाहून उत्तर दिलं, “अक्का, आमी ह्यालाच काढायला शिकलोत.”

 मला काखेत मारून ती शिडी उतरली. खाली मला भिंतीशी बसवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. दर वर्षी ठेवणारा माणूस वर निघून जातो. ती गेली नाही. वर भाषण झालं, भोंगा वाजला, घड्याळ सुरू झालं. शरणबसव मास्क लावून उतरला आणि ती त्याला समोर दिसली.

“बांध,” ती म्हणाली.

 तिने त्याच्या हातातला पट्टा घेतला, लुगड्यावरून स्वतःच्या कमरेला आवळला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग शरणबसवने कडी अडकवली आणि दोर दोनदा हलवला. त्याचे डोळे मास्कच्या काचेमागे होते, मला दिसले नाहीत.

वरचे दोघे एका दमात ओढायला गेले. राजूबाई वीतभर उचलली गेली आणि परत पाय टेकून उभी राहिली. पुन्हा वीतभर, पुन्हा खाली. वर कुजबुज सुरू झाली. साहेबांचा आवाज आला, “काय अडकलंय? जोर लावा.” तिपाई करकरली. दोर थांबला.

तेव्हा राजूबाईने मान वर करून टाकीच्या तोंडाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण धुतलेल्या टाकीत तो घुमला आणि वर सगळ्यांनी ऐकला.

“वढा की. मी तर जित्ती हाय.”

 दोर ओढणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हातावर मागच्या वर्षीचे वण होते. त्याने दोर सोडला आणि तो खाली बसला.

राजूबाई शिडीने आपली आपण वर आली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं, कार्यक्रमात व्यत्यय आणला म्हणून. पाहुण्यांच्या वहीत लिहिलं गेलं की तांत्रिक कारणाने प्रात्यक्षिक पुढे ढकललं. महिन्याने ते झालंही. मी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत बाहेर आलो. माझी रेती अजून लाल बादल्यांतच आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही अशाच कारखान्यांत लागतील. एक दिवस कुणीतरी इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस माझ्यासारखा डमी तुमच्यासमोर टाकेल आणि घड्याळ लावेल. माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवू नका. मला बाजूला सारा. पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा, वरच्या सोबत्यांना ओढायला सांगा आणि ते तुम्हाला वर काढू शकतात का ते बघा. हे जिवंत असताना करा.