पायाखालची हाक

हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मंजुळाबाई पुढच्या खोलीतल्या पलंगावरच असत. जखम भरत आली होती, पण भीती आत राहून गेली होती. वरून धप्प असा आवाज आला की त्या दचकून छातीवर हात ठेवायच्या, आणि मग बराच वेळ त्यांचा श्वास जागेवर येत नसे.

जळगावातल्या त्या इमारतीत त्या आणि त्यांचे यजमान शालिग्रामनाना पहिल्या मजल्यावर राहत. नानांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात गेलेली. यंत्रांच्या घरघरीत उभा जन्म काढलेल्या माणसाला आवाजाचं काही वाटत नसे. पण बायकोचा तो चेहरा त्यांना बघवेना.

वर थंडी सरताना नवं जोडपं राहायला आलं होतं. रहीम शिंपी होता, घरातच मशीन चालवायचा. त्याची बायको कनीज पोटुशी होती. मशीनची थरथर एक वेळ चालली असती. पण दिवसातून कितीदा तरी वर कुणीतरी जमिनीवर पाय आपटायचं. लागोपाठ दोनदा, मुद्दाम आपटल्यासारखं.

एका सकाळी नाना वर गेले. दार कनीजने उघडलं.

"बेटी, भांडायला नाही आलो," नाना म्हणाले. "खाली माझी बायको आजारी आहे. पाय आपटल्याचा आवाज तिला सोसत नाही."

कनीजचा चेहरा उतरला. आत रहीम पाठमोरा बसून मशीन चालवत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. जिन्यात भेटला तरी तो नानांच्या बोलण्यावर नुसता हसायचा आणि निघून जायचा. माणूस गर्वाचा आहे, असं नानांनी ठरवून टाकलं होतं.

"चुकलं, नाना," कनीज म्हणाली. "काय करू ते सांगा. मी करते."

उपाय नानांनीच सांगितला. खोल्यांतून जाड रबरी मॅट अंथरायच्या, त्यांच्याखाली जुन्या सतरंज्या घालायच्या आणि मशीनच्या पायांखाली रबराचे ठोकळे ठेवायचे. हादरा फरशीत उतरलाच नाही, तर खाली येणार कुठून? मॅट आल्या त्या दिवशी रहीम शिवलेले कपडे पोचवायला गेला होता. नानांनी स्वतः गुडघे टेकून कोपरे बसवून दिले. फक्त मोरी उघडी ठेवली, कारण ओल्या जागी मॅटखाली पाणी साचून राहिलं असतं.

खाली शांतता झाली. मंजुळाबाईंना दुपारची झोप लागू लागली. नानांना वाटलं, चला, कुणाला न दुखवता काम झालं.

मग मे महिना आला. एका दुपारी मंजुळाबाई उठून बसल्या. "वर कोनी तरी ठोकी ऱ्हायनं," त्या म्हणाल्या. त्या भडगावकडच्या, घरात अहिराणीच बोलायच्या.

नानांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "धुणं आपटत असेल. एवढ्या मॅट टाकल्या तरी आहेच."

ठोकणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. धातूचा आवाज होता, आणि दर वेळी आधीपेक्षा क्षीण. मंजुळाबाई ऐकत राहिल्या.

"धुनं नही शे ते. जाईसन दखा बरं."

नाना कुरकुरत वर गेले. उन्हाळ्यामुळे लाकडी दार उघडं होतं, जाळीच्या दाराला आतून कडी होती. समोरच रहीम पाठमोरा शिवत बसला होता. नानांनी हाक मारली. दोनदा, तीनदा, मग ओरडून. रहीमचे हात चालतच राहिले. तेव्हा कुठे नानांच्या लक्षात आलं, की याला ऐकूच येत नाही. जाळीतून हात घालून त्यांनी कडी काढली, आत जाऊन रहीमच्या खांद्यावर हात ठेवला आणि ठोकणं येत होतं त्या मोरीकडे बोट दाखवलं.

कनीज फरशीवर पडली होती. हातात तांब्या होता आणि कपडे रक्ताने भिजले होते.

दोघांनी मिळून तिला उचलून खाली आणलं, रिक्षात घातलं. कनीज वाचली. सातव्या महिन्यातलं मूल गेलं.

दवाखान्यात ती शुद्धीवर आल्यावर नाना तिच्या उशाशी बसले. तिनेच सांगितलं. "त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, नाना. मी पाय आपटला की फरशीतून त्यांच्या तळपायाला कळायचं. तीच माझी हाक. सांगितलं असतं, पण हे कळलं की लोक घर देत नाहीत."

नाना उठले. बाहेर त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, की आधी आणलं असतं तर? "वाचलं असतंच, असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. नाही असंही ते म्हणाले नाहीत. ते उत्तर नानांनी घरी नेलं आणि मंजुळाबाईंनाही पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

कनीज घरी आल्यावर नाना वर गेले. "त्या मॅट काढून टाकू," ते म्हणाले. "मी अंथरल्या, मीच उचलतो."

कनीजने हातांनी रहीमला ते सांगितलं. रहीम नानांकडे बघत राहिला. मग त्याने नकारार्थी मान हलवली, खाली बोट दाखवलं आणि आपल्या छातीवर हात ठेवला. खाली बाई आजारी आहे, असं त्याला म्हणायचं होतं, हे कनीजने सांगायची गरज पडली नाही. तो उठला, सुरी आणली आणि मोरीपासून आपल्या खुर्चीपर्यंत मॅट कापायला बसला. नानांनी दुसरं टोक ताणून धरलं. कापताना कुणी वर पाहिलं नाही. सतरंज्याही तेवढ्या जागेतून काढल्या, ठोकळेही गेले. पायवाटेएवढी फरशी उघडी झाली. बाकी घर झाकलेलंच राहिलं.

पुढे पावसाळ्यात एकदा वरून धप्प, धप्प झालं. मंजुळाबाई दचकल्या, हात छातीवर गेला. नाना पाणी आणायला उठले.

"बसा," त्या म्हणाल्या. "ती त्याले बलाई ऱ्हायनी."

दोघं वर छताकडे बघत थांबले. मशीन बंद झालं, खुर्ची सरकली. मंजुळाबाईंनी हात खाली घेतला.