सतरा दात

इस्पितळातून पावांचे दोन ट्रे परत आले, तेव्हा धाकटीने एक पाव उलटा करून पाहिला. बूड तव्यासारखं काळं. ट्रे आणणाऱ्याने निरोप सांगितला: उद्या सकाळी असेच आले, तर परवापासून दुसरी बेकरी. थोरली आणि धाकटी, या दोघी जावांची बेकरी इस्पितळाच्याच जिवावर चालायची.

दोष भट्टीचा नव्हता. भट्टीतून पाव वाहून नेणारा पट्टा साखळीवर चालायचा, आणि मोटरवरचं दातेरी चाक परवा मोडलं होतं. थोरलीचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, नजरेच्या अंदाजाने दुसरं घेऊन आले. ते निघालं पंधरा दातांचं. कमी दातांचं चाक एका फेऱ्यात साखळी कमी ओढतं. पट्टा रेंगाळू लागला, आणि वीस मिनिटांत बाहेर यायचे ते पाव जवळजवळ तेवीस मिनिटं भाजत राहिले.

धाकटीने भंगारातून मोडकं चाक शोधलं, साखळीचा एक तुकडा घेतला, मोटरच्या दांड्याची जाडी चिठ्ठीवर टिपली आणि चपला चढवल्या.

"दातांची डॉक्टरीण कधी झालीस गं?" थोरली म्हणाली. भाऊजी वर्तमानपत्राआड गेले.

बाजारात सुट्या भागांच्या दुकानदाराने व्हर्नियर लावून मोडक्या चाकाचं आडवं माप घेतलं आणि सोळा दातांचं चाक समोर ठेवलं. तीस वर्षं हेच करतोय, असंही ऐकवलं. धाकटीने केसांतला रबर काढून खुणेसाठी मोडक्या चाकाच्या एका दाताला अडकवला. दोन दात अर्धे तुटलेले, म्हणून ती दातांऐवजी खाचा मोजत गेली. सतरा. उलट्या बाजूने मोजल्या. सतराच.

"दात झिजलेत काका. शिवाय दातासमोर दात नाही, खाच आहे. आडवं माप कमीच येणार."

त्याने चाक फिरवून पाहिलं, मान खाजवली. एका दाताने काय आभाळ कोसळतंय, म्हणाला.

"आमच्याकडे एका दाताने सव्वा मिनिट जातं. तेवढ्यात पाव करपतो."

सतराचं नाहीच, त्याने हात झटकले. धाकटी स्टुलावर बसली आणि खालचं कपाट दाखवा म्हणाली. कुरकुरत त्याने खोक्यांमागून खोकी काढली. शेवटच्या खोक्यात, तेलकट कागदात, एक सतराचं निघालं. तिने साखळीचा तुकडा दातांवर बसवून पाहिला. प्रत्येक कडी चपखल बसली. मधलं भोक मात्र दांड्यापेक्षा लहान होतं. दुकानदाराला जरा हायसं वाटल्यासारखं झालं.

"भोक वाढवता येतं, दात वाढवता येत नाहीत," ती म्हणाली आणि चाक पिशवीत टाकलं.

भोक कातून देणारा शेजारचा लेथवाला जेवणाचा डबा उघडून बसला होता. चारला या, म्हणाला. सावकाश जेवा, मी इथेच थांबते, असं सांगून ती उंबऱ्यावर बसली. बाई अशी समोर बसल्यावर घास कसा उतरायचा? त्याने दोन घासांतच डबा बंद केला, चिठ्ठी मागितली आणि लेथ सुरू केलं.

पाच वाजता पट्टा फिरला. थोरली कमरेवर हात ठेवून घड्याळासमोर उभी. बरोबर वीस मिनिटांनी पहिला पाव बाहेर आला. धाकटीने उलटा करून बुडावर बोटाने टकटक केलं. गव्हाळ रंग, पोकळ आवाज. थोरलीने तो मोडून आतला मऊपणा दाबून पाहिला आणि अर्धा नवऱ्याच्या हातात ठेवला.

"खा," ती म्हणाली. "आणि यापुढे बाजारात तुमची नजर पाठवू नका, हिला पाठवा."

धाकटी उद्याचे ट्रे पुसायला लागली होती.