तिसावं बाळंतपण

भामरागडपलीकडच्या त्या गावात दवाखान्यामागं दोन खोल्या होत्या. पावसाळ्यात नदी रस्ता तोडते, म्हणून दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच तिथं येऊन राहायचं. पैसा एका संस्थेनं घातला होता. ऑगस्टअखेर तीस बाया तिथंच सुखरूप बाळंत झाल्या तर सरकार तो संस्थेला परत करणार, नाहीतर नाही, असा करार होता.

महिना संपायला चार दिवस होते आणि आकडा एकोणतीसवर होता. तिसावी निशा. नवरा झाडू तिला सात किलोमीटर चालवत घेऊन आला होता.

"डोकं लय दुखून राह्यलं," ती सकाळी म्हणाली. नर्स संघप्रियानं रक्तदाब मोजला, तो फार वाढलेला होता; तिनं सुजलेले पाय दाबून पाहिले आणि संस्थेच्या प्रफुल्लला फोन लावला.

"हिले आत्ताच अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते. नदी उतरली आहे, जीप पाठवा."

"ताई, दोन दिवस इथीच ठेवता येत नाई का? तिथी झालं तं आपल्यात धरत नाईत. पैसा बुडाला तं या खोल्याच बंद होतीन."

तो खोटं बोलत नव्हता. संघप्रियानं क्षणभर खिडकीतून निशाकडं पाहिलं.

"होऊ द्या बंद. जीप पाठवा."

तासाभरात जीप आली. प्रफुल्ल स्वतःच चालवत होता. निशा आणि झाडूबरोबर संघप्रियाही बसली. फोनवरचं बोलणं ऐकलेल्या झाडूनं वाटेत विचारलं, "आमच्यापायी तुमचं नुकसान झालं का?"

"नाई भाऊ," प्रफुल्ल म्हणाला आणि त्यानं वेग वाढवला.

अहेरीच्या अलीकडं निशाला आकडी आली. संघप्रियानं तिला कुशीवर धरून ठेवलं. दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वजनानं कमी, पण रडली. निशा तिसऱ्या दिवशी उठून बसली.

सप्टेंबरच्या बैठकीत सरकारी साहेबांनी एकोणतीसच बाळंतपणं धरली.

संघप्रिया उभी राहिली. "साहेब, निशा खोलीतच राह्यली असती तं मेली असती. वेळेवर पाठवणं हे काम नाई का?"

"ते करारात नाही," साहेब म्हणाले. त्यांनी कराराची पानं पुन्हा चाळली, पण यंदा काही बदललं नाही. पैसा बुडाला, संस्थेनं हात काढून घेतला आणि खोल्या बंद पडल्या. प्रफुल्ल निरोप घ्यायला संघप्रियाकडं आला. तिनं त्याला चहा दिला.

हिवाळ्यात ग्रामसभा बसली. एरवी गप्प असणारा झाडू उठला आणि गावाच्या बांबूविक्रीच्या पैशातून खोल्या चालवू म्हणाला. दसरू पाटलानं विचारलं, "सरकारचं काम आपण काऊन करावं?" बराच वाद झाला. शेवटी ठरलं: निम्मा खर्च गाव करेल, निम्मा सरकारकडं मागायचा, आणि नव्या करारात वेळेवर पुढं पाठवलेली बाईही मोजायची.

मंजुरी यायला मे उजाडला. जूनमध्ये खोल्या उघडल्या आणि पहिल्याच आठवड्यात दोघी जणी राहायला आल्या.