तीन शब्दांचं पान

मी एक ई-रीडर बोलतोय. पटापट ऐका बाबांनो, बॅटरी अकरा टक्क्यांवर आली आहे आणि मी फार दमलोय. वाचणारे दमतात हे तुम्हाला ठाऊक असेल. पण पानं दाखवणाराही दमतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझा मालक मुनाफ. गाव महाडजवळ, नोकरी इथे बहरीनमध्ये, हिद्दच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपरची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला आणि तिथेच त्याला रहस्यकथांचं वेड लागलं. पूर्वी सुट्टीवरून परतताना तो बॅगेत पुस्तकं भरायचा आणि बायको, मसूदा, एकेक काढून बाहेर ठेवायची. "तीस किलोत मसाला नेऊ, सुकट नेऊ, की तुमचे खून नि दरोडे नेऊ?" शेवटी सात वर्षांपूर्वी त्याने मनामाच्या दुकानातून मला आणलं. वजन दोनशे ग्रॅम आणि पोटात शंभर खून. मसूदा खूश, तो खूश, मग माझं काय विचारता!

सुखाचे दिवस होते ते. दुपारच्या सुट्टीत स्टोअरच्या फळ्यांमागे बसून मुनाफ मला डब्याला टेकवून उभा करायचा. अक्षरांचा आकार तीन. पानभर मजकूर, निवांत वाचन. शेजारी चंद्रशेखर जेवत असायचा. तो चिपळूणचा, वर्कशॉपची गाडी चालवतो. वाचनाशी त्याचं काही देणंघेणं नाही, पण खुनी कोण हे कळल्याशिवाय त्याला घास गिळत नसे.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी आकार तीनचा पाच झाला. म्हटलं, चाळिशी लागली असेल. पुढे पाचाचा सात झाला, साताचा नऊ. मुनाफ पानं भराभर उलटायला लागला आणि मी मूर्ख, फुशारून गेलो! वाटलं, काय वाचतोय गडी! मग एकदा सहज शब्द मोजले, तर पानावर जेमतेम दहा. तो जास्त वाचत नव्हता हो. त्याला कमी दिसत होतं.

तेव्हापासून मी दमायला लागलो. पूर्वी एक चार्ज तीन आठवडे पुरायचा, आता तीन दिवस. दार उघडायला एक पान, माणूस आत यायला दुसरं आणि तो खुर्चीत बसायला तिसरं.

मुनाफला नऊ वर्षं साखर आहे. गोळ्या घेतो आणि वर खजूरही खातो. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचतात, हे त्याने फक्त चंद्रशेखरला सांगितलं.

"मग दाखव ना डॉक्टरला! इथे काय डॉक्टर नाहीत?"

"दाखवणार ना. इंशाल्ला, सुट्टीत. महाडला आपला डॉक्टर हाय, बापाला पण त्यानेच बघितलेलं. इथे नवीन माणसाला काय काय सांगत बसू?"

इथल्या आपल्या लोकांची ही खोडच आहे. दात दुखला, सुट्टीत बघू. गुडघा धरला, सुट्टीत बघू. सगळी दुखणी सांभाळून ठेवायची आणि मसाल्याच्या रिकाम्या डब्यांबरोबर गावी न्यायची. आणि सुट्टी कुठे होती? पहिल्या वर्षी वर्कशॉपने दिली नाही, दुसऱ्या वर्षी लेकीची, फिजाची, दहावी आली. तोवर आकार बारावर गेला.

मला खरा घोर वेगळाच होता. रोज सकाळी सनद भागातल्या आमच्या घरून फिजाला ईसा टाउनच्या शाळेत सोडायला मुनाफ गाडी चालवायचा. मी मागच्या सीटवर, त्याच्या पिशवीत. कचकन ब्रेक लागला की पिशवीसकट खाली आपटायचो. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा. "सिग्नल उशिरा दिसला," तो पुटपुटायचा. फिजाच्या कानात गाणी, तिला कशाचा पत्ता नाही. मला ओरडावंसं वाटायचं, अगं पोरी, या माणसाला माझी बोटाएवढी अक्षरं धड दिसत नाहीत, रस्त्यावरचं माणूस कुठून दिसायचं! पण मला तोंड नाही. मी फक्त दाखवू शकतो, तेही कुणी उघडलं तर.

गेल्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी फिजाने मला उघडलं. शाळेने इंग्रजी कादंबरी वाचायला सांगितली होती आणि फोनवर वाचून तिचं डोकं चढलं होतं. स्क्रीनवर तीनच शब्द होते, 'इन्स्पेक्टरने खिशातून रुमाल'.

"अब्बा, व्हॉट इज धिस? ओन्ली थ्री वर्ड्स!" ती खो खो हसली. मग एकदम हसायची थांबली. तिने आकार परत तीनवर आणला आणि मला बापाच्या हातात दिलं. "रीड."

मुनाफने मला नाकासमोर धरलं आणि घडाघडा वाचायला सुरुवात केली. इन्स्पेक्टरने रुमाल काढला, सुरी गुंडाळली, मोलकरणीला हाक मारली, एकही शब्द चुकला नाही. "बघ, दिसतंय की त्यांना," मसूदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

लबाड! ते पुस्तक त्याने चारदा वाचलं होतं, पाठ होतं त्याला. मी जळफळत होतो. आता ही पोरगी मला खाली ठेवणार आणि उद्या सकाळी पुन्हा गाडीत बसणार. मोलकरीण आली, रडली, सुरी ओळखली. मुनाफ म्हणतच होता.

एरवी कायम इंग्रजीत उत्तर देणारी ती पोर हळूच मराठीत बोलली, "अब्बा, पान संपलं."

केव्हाच संपलं होतं. त्याने ते उलटलंच नव्हतं.

"सुट्टीत दाखवणारच होतो गं," मुनाफ म्हणाला.

"खलास. सुट्टी नको. आज." तिने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि चंद्रशेखरला फोन लावला. मसूदाने गॅस बंद केला.

डॉक्टर म्हणाले, साखरेने डोळ्यांचे पडदे खराब केलेत. उजव्यात इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवू. डावा गेल्यातच जमा आहे, सहा महिने आधी आला असतात तर वाचला असता. येताना चंद्रशेखरच्या गाडीत मसूदा रडत होती. मुनाफ खिडकीकडे तोंड करून बसला होता. सहा महिने म्हणजे किती, हे मला विचारा. तेव्हा आकार दहा होता. मी रोज दाखवत होतो.

आता गाडी खाली धूळ खात उभी आहे. फिजा शाळेच्या बसने जाते. मुनाफला चंद्रशेखर हिद्दला नेतो-आणतो. वर्कशॉपने अजून कामावर ठेवलंय, पुढचं कुणालाच ठाऊक नाही. त्याला उजव्या डोळ्याने माणसं ओळखू येतात, पण माझी अक्षरं चौदा आकारातही लागत नाहीत. मीही म्हातारा झालो. कोपऱ्यात तडा गेलाय आणि चार्जर तिरका धरला तरच चालतो.

तरी मला सुट्टी नाहीच. संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की फिजा बापाशेजारी बसते. शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरं येतात, त्या जोरावर अडखळत मराठी वाचते. तो शब्द सुधारतो, ती वैतागते, मसूदा आतून ओरडते, "खुनी कोण ते सांग आधी!"

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी गुपचूप अक्षरं मोठी करत असेल, तर थट्टा करून सोडून देऊ नका. त्याच्या हातातलं घ्या, बघा, विचारा. आणि दुखणं सुट्टीसाठी राखून ठेवू नका.

आता आकार पुन्हा तीन आहे, फिजाच्या डोळ्यांचा. पानभर मजकूर, फार उलटावं लागत नाही. शेवटची ओळ आली की ती थांबते. स्वतः उलटत नाही. "अब्बा, पान संपलं," म्हणते. मग मुनाफचं बोट चाचपडत येतं, आधी तिच्या मनगटाला लागतं, मग मला. आणि मी पान उलटतो.