चिचुंद्रीचा कौल

आमच्या दादाच्या शिवणकामाच्या दुकानात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडकीत लोक, दारात लोक, कापडाच्या ठाणांवर चढून बसलेले लोक. मधल्या टेबलावर मोठं ताट, त्यात मातीचे चार ढीग, आणि समोर मांत्रिक पाताळबाबा, हातात चिचुंद्रीचा पिंजरा.

महिनाभर दादाच्या पोटात आग पडत होती. डॉक्टरांचं नाव काढलं की आई म्हणायची, "करणी औषधानं उतरत नाही." ती कुणी केली, हे आज चिचुंद्री सांगणार होती. आई, दादा, वहिनी आणि मी, प्रत्येकानं एकेका ढिगावर हात टेकवला.

"हिला धड दिसत नाही!" बाबा गरजला. "म्हणून ही तोंड बघून भुलत नाही. पाताळात फिरते, पाप हुंगते!"

'शुद्धीसाठी' त्यानं प्रत्येक ढिगात अंगठा खुपसला आणि पिंजरा उघडला. चिचुंद्री मिशा थरथरवत निघाली, दोन ढीग ओलांडून तिसरा उकरू लागली. वहिनीचा.

आईनं वहिनीचा दंड धरला. "आत्ताच्या आत्ता घराबाहेर हो!"

वहिनी दादाकडे बघत होती. दादानं मान वर केली नाही.

माझं डोकं फिरलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. चिचुंद्रीला पिंजऱ्यात परत ढकलून मी तो ढीग मोडला. आत गांडुळाचे ठेचलेले तुकडे निघाले.

"मातीत गांडूळ असायचंच, बाई," बाबा म्हणाला.

बाकीचे तीनही ढीग मी मोडून दाखवले. कोरडी माती. मग चारही ढीग पुन्हा रचले आणि ते तुकडे पाचव्या, नव्या ढिगात पुरले.

"हा तुमच्या नावाचा. टेकवा हात."

"देवाची परीक्षा घेतेस? भस्म होशील!"

"होईन. टेकवा."

खिडकीतला न्हावी ओरडला, "टेकवा की बाबा! पाप नसेल तर भीती कसली?"

नाइलाजानं त्यानं हात टेकवला. मी पिंजरा उघडला. चिचुंद्री थेट त्याच ढिगावर गेली. दुकान हसण्यानं दणाणलं.

"म्हणजे करणी यानंच केली!" कुणीतरी ओरडलं.

"नाही हो!" मला आणखीच संताप आला. "कुणीच केली नाही. ही नाकानं वास काढते, मिशांनी चाचपते, कानांनी किड्याची हालचाल टिपते. तिला सतत खायला लागतं. या हलकटानं तिला उपाशी ठेवलं आणि नखातून भक्ष्य पेरलं. तिला पाप कळत नाही, गांडूळ कळतं!"

बाबा पिंजरा तिथंच टाकून मागच्या दारानं पळाला. दुपारी दादाला दवाखान्यात नेलं. पोटात व्रण निघाला. औषधानं तो बरा झाला.

आईनं माफी मागितली, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "बारा वर्षं या घरात आहे मी. एकदा मलाच विचारायचं होतंत."

म्हणून सांगते, दुखलं तर डॉक्टरांना विचारा, संशय आला तर माणसाला विचारा, आणि चमत्कार दिसला की आधी तो ढीग मोडून बघा.