तिकडच्या बायका

थोरलीने कात्री उचलली, कॉलरमागचा दोरा कापला, कॉलर खिडकीकडे धरली आणि एक डोळा बारीक करून तिची दोन्ही टोकं पाहिली. मग ती खाली ठेवली, चाकाला हात घालून सुई वर आणली आणि पुढच्या कॉलरचे तुकडे एकमेकांवर बसवायला घेतले.

"अहो बाई, दोरा कशाला कापताय?" सुपरवायझर मागून ओरडला.

तिने मान वळवली नाही. तिच्याशेजारी स्टुलावर एक माणूस बसला होता. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही. त्याने निमूटपणे आकडा टिपला.

थोरली अशी कधी शिवत नसे. एक कॉलर सुईखालून निघाली की तिच्या शेपटालाच दुसरी लागायची, मग तिसरी. मध्ये कापाकापी नाही, थांबणं नाही. तासाभरात मशीनमागे कॉलरींची लांबलचक माळ लोंबायची आणि बंडल भरलं की सगळे दोरे एकदमच कापले जायचे. नव्याने आलेल्या मुली तोंडात बोटं घालून तिच्या हातांकडे बघत राहायच्या, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं.

म्हणूनच मोजायला तिला निवडलं होतं. शर्ट विकत घेणारी कंपनी दूरदेशी होती. कंपनीला तेच शर्ट आता कमी भावात हवे होते. भाव उतरायचा तर तेवढ्याच दिवसात जास्त शर्ट निघायला हवेत, एवढा साधा हिशेब. कंपनीचा माणूस सगळ्यात चपळ हात मोजणार आणि त्याच आकड्यावरून लाइनीतल्या चाळीस जणींचा वेग ठरणार. ज्यांना झेपणार नाही त्यांनी घरी बसावं.

मागच्या खेपेलाही तिलाच मोजलं होतं. तेव्हा ती जीव तोडून शिवली होती. चौतीस सेकंद. टाळ्या पडल्या, बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. महिनाभरात पाच जणी गेल्या. त्यात जिने तिला सुईत दोरा ओवायला शिकवलं ती म्हातारीही होती. जाताना ती आपली कात्री थोरलीच्या मशीनवर ठेवून गेली. ते घड्याळ अजून घरात टिकटिकत होतं आणि थोरलीला त्याचा भयंकर राग यायचा.

या वेळी कोण जाणार हेही ठरल्यासारखंच होतं. पुढच्या मशीनवर तिची धाकटी जाऊ बसायची. गेल्या महिन्यात तिच्या बोटातून सुई आरपार गेली होती. जखम भरली, पण बोट वाकेना. घरात दोन चुली नव्हत्या, दोघींच्या कमाईवर एकच चूल पेटत होती. सकाळी येताना धाकटी म्हणाली होती, "ताई, आकडा खाली आला तर मी गेलेच."

"डबा नीट धर, सांडेल," एवढंच थोरली म्हणाली होती.

"बाई, मी तुमच्याशी बोलतोय," सुपरवायझर आता समोर येऊन उभा राहिला. "नेहमीसारखं शिवा ना. माळ काढा."

"साहेब, मी नियमाने शिवतेय."

"कुठला नियम?"

तिने हनुवटीनेच खांबाकडे खूण केली. खांबावर कंपनीचा फलक होता. वर्षानुवर्षं लटकत असलेला, कुणीतरी परक्या भाषेतून आपल्या भाषेत ओढूनताणून आणलेला. 'कर्मचाऱ्याने प्रत्येक तुकड्यानंतर धागा छेदावा. तुकडा प्रकाशाप्रती धरून त्याचे निरीक्षण करावे. तदनंतर सुईस उच्च स्थितीत विश्रांती द्यावी.' बायकांनी त्या फलकाची यथेच्छ टिंगल केली होती. पाठ मोडून घरी निघताना एखादी हमखास म्हणायची, सुईस विश्रांती मिळाली, आता आपल्याला कधी?

"तो फलक पाहुण्यांसाठी आहे," सुपरवायझर दबक्या आवाजात म्हणाला.

"पाहुणे बसलेत की शेजारी," थोरली म्हणाली आणि तिने सुईस विश्रांती दिली.

हात मात्र ऐकत नव्हते. शिवशिवत होते. पाय पेडलवर आपोआप दाबला जायचा आणि तिला तो आवरावा लागायचा. वेगाने शिवणं तिला कधी जड गेलं नव्हतं, आज हळू शिवताना तिच्या कपाळावर घाम आला. पण शिलाई बघावी तर एकही टाका इकडचा तिकडे नाही. कामात खोट काढायला तिने कुणाला जागा ठेवली नव्हती.

सुपरवायझरने मग नेहमीचं अस्त्र काढलं. तो थोरलीकडे बघत, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलू लागला. लेकी बोले सुने लागे.

"इथे नखरे करा तुम्ही! तिकडच्या बायका बघा. बत्तीस सेकंदात कॉलर काढतात. मान वर करत नाहीत. सगळं काम तिकडे गेलं ना, मग बसा माश्या मारत."

तिकडच्या बायका! समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात तसाच एक कारखाना होता म्हणे, तेच शर्ट शिवणारा. तिथल्या बायका कधी आजारी पडत नाहीत, पाणी प्यायला उठत नाहीत, पोरांसाठी सुट्टी मागत नाहीत. सासूने एका सुनेपुढे दुसरीचे गोडवे गावेत तसे सुपरवायझर रोज त्यांचे गोडवे गायचा. त्यामुळे पाठीमागे त्याचं नाव सासूबाई पडलं होतं. आणि न पाहिलेल्या त्या बायकांचा सगळ्यांना मनापासून तिटकारा होता.

कच्च.

आवाज पुढून आला. धाकटीने दोरा कापला होता. न वाकणारं बोट बाजूला ठेवून तिने कॉलर उजेडात धरली आणि सावकाश फिरवून बघितली. मग पलीकडच्या रांगेत कच्च झालं. मग मागे. काजवाली, बटणवाली, बाहीवाली, एकेक करून सगळ्यांनी कात्र्या उचलल्या. मशिनांची घरघर तुटक तुटक झाली आणि मधल्या शांततेत कात्र्या ऐकू येऊ लागल्या. चाळीस जणी खिडकीकडे हात करून कापड बघत होत्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

सुपरवायझरचा चेहरा उतरला. त्याने स्टुलावरच्या घड्याळवाल्याकडे बघितलं.

"किती आले?"

"एकोणसत्तर."

"हे धरू नका साहेब. मुद्दाम चाललंय. तुम्हीच सांगा यांना, तिकडे बत्तीस आहे म्हणून."

"बत्तीस?" घड्याळवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"वरून... वरून आलं होतं तसं."

घड्याळवाला थकलेला माणूस होता, बोली इकडचीच होती, पण वर्षाचे दहा महिने देशोदेशीच्या अशाच हॉलमध्ये स्टुलावर काढायचा. त्याने वहीची चार पानं मागे उलटली आणि वही सुपरवायझरपुढे न धरता थोरलीपुढे धरली.

"मागच्या महिन्यात मी तिकडेच होतो, ताई. तिथे मला म्हणाले, इकडच्या बायका अठ्ठावीस सेकंदात काढतात."

थोरलीने पानावर बोट ठेवून ओळ वाचली. आकडा एकाहत्तर होता. पुढे शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: दोरा कापतात. उजेडात धरतात. फलक दाखवतात.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"मग आता काय लिहिणार?" तिने विचारलं.

"मोजलं ते लिहिणार. वर काय ठरेल ते माझ्या हातात नाही. कदाचित काम तिसरीकडे नेतील."

"तिथे फलक असेल ना?"

घड्याळवाल्याला हसू आलं, पण त्याने ते मिशीतच ठेवलं. "फलक सगळीकडे एकच असतो," तो म्हणाला आणि वही मिटून उठला. सुपरवायझर काहीतरी समजावत त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला.

मागून बटणवाली कुजबुजली, "म्हणजे घरोघरी मातीच्याच चुली की गं!"

धाकटी स्टुलावरून अर्धी वळली. तिला वहीतलं काही दिसलं नव्हतं. "ताई, काय होतं त्यात? कोण आहेत त्या बायका?"

थोरलीने कॉलरचे दोन तुकडे जुळवले, शिवले. म्हातारीच्या कात्रीने दोरा कापला.

"जावा," ती म्हणाली. "आपल्याच."

आणि तिने कॉलर उजेडात धरली.